पहिल्या भाकरीबरोबर: पेठ तालुक्यातल्या एका घरपोच दूरसल्ल्याचं प्रकरण

ज्या पाड्यावरचं हे प्रकरण आहे तिथं मोबाइलची रेंज एकाच जागी मिळते. घरांच्या वरच्या अंगाला मोहाचं जुनं झाड आहे, त्याच्या बुडाशी पसरट खडक. त्यावर उभं राहिलं की फोनच्या कोपऱ्यात दोन काड्या दिसतात. पोरांनी त्या खडकाचं नाव 'टावर' ठेवलंय. "टावरवर जाऊन येतो" म्हणजे फोन करून येतो. आमच्या कागदावर या पाड्यावर 'घरपोच प्राथमिक आरोग्यसेवा' चालते. प्रत्यक्षात पहिले कित्येक महिने ती घरापासून दीडशे पावलांवर, त्या खडकावर चालत होती. ही दीडशे पावलं किती महागात पडू शकतात ते मला एका आजींमुळे कळलं.

आजींची ओळख पटू नये म्हणून पाड्याचं नाव दिलेलं नाही, घरातले एकदोन तपशीलही बदललेत. आजार, आकडे आणि माझी चूक मात्र आहे तशी लिहिली आहे.

आधी थोडं आमच्याबद्दल. मी डॉक्टर, नाशकात बसते. आमची सिस्टर दर पंधरा दिवसांनी दुचाकीवरून जाते: रामशेज मागं टाकून सावळघाट, करंजाळी, कोटंबी घाट, पुढे पेठ आणि तिथून आत. तिच्या पाठीवरच्या पिशवीत रक्तदाबाचं डिजिटल यंत्र, ग्लुकोमीटर, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, थर्मामीटर, वजनकाटा आणि टॅब असतो. ती रुग्णापाशी पोचली की व्हिडिओ कॉल लावते, मी पलीकडून बोलते. पाड्यावर आशाताई आहेत. आदिवासी भागात वस्तीगणिक एक आशा असावी असं धोरण आहे, त्यामुळे त्या तिथल्याच, सगळ्यांच्या ओळखीच्या. त्यांच्याकडे आम्ही एक जादा ग्लुकोमीटर आणि पंचवीस स्ट्रिपांची डबी ठेवली होती.

सरकारी यंत्रणेतही असंच काम चालतं, आणि आमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर. डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागं एक उपकेंद्र असतं (सपाट भागात पाच हजारांमागं). आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झालेल्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी बसतात आणि ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून मोठ्या डॉक्टरांशी रुग्णाचं बोलणं करून देतात. ई-संजीवनीचा हा भाग नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झाला, आणि रुग्णानं घरूनच डॉक्टरशी बोलायची सोय एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत. आम्ही गाठायचा प्रयत्न करतो ते उपकेंद्रापर्यंतही चालत जाऊ न शकणाऱ्यांना.

पहिला कॉल

भात कापणीचे दिवस. आजींचं वय सत्तरच्या आसपास. मधुमेह नऊ वर्षांपासून, रक्तदाब त्यानंतरचा. मुलगा गोडी छाटणीच्या कामाला निफाडकडे गेलेला. ऑक्टोबरात द्राक्षबागांची छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याची निम्मी तरणी माणसं तिकडंच असतात. घरी आजी, सून आणि पाचवीतला नातू.

तक्रार सिस्टरनं आधीच लिहून ठेवली होती: पहाटे-सकाळी हातपाय कापतात, घाम सुटतो, डोळ्यांपुढं अंधारी येते, जीव घाबरा होतो.

आता हे वाक्य वाचणाऱ्या कुठल्याही डॉक्टरच्या डोक्यात घंटा वाजायला हवी. माझ्याही वाजली, पण आकडे आले आणि ती बंद झाली. साखर 212. रक्तदाब 158/92. वेळ सकाळी साडेअकरा. ऑक्सिजन, ताप, नाडी ठीक.

मी विचारलं, "गोळ्या रोज घेता ना, आजी?"

आजी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "कधी घेते, कधी नाही. ती गोळी घेतली का जीव घाबरतो, बाई."

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. गोळी चुकवणारा प्रत्येक रुग्ण काही ना काही कारण सांगतोच, हा तीस वर्षांच्या दवाखान्यानं माझ्यात भरलेला माज. 212 ची साखर समोर होती, गोळ्या चुकतात अशी कबुलीही होती. निदान झालं: अनियमित औषधामुळे वाढलेली साखर. रक्तदाबाचं औषध एका मापावर वाढवायचं नाही, एवढं भान राहिलं. पण दोन सूचना दिल्या. साखरेची गोळी एकही दिवस चुकवायची नाही. चहात साखर किंवा गूळ घालायचा नाही.

दोन्ही सूचना कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडतील. कॉल नऊ मिनिटं चालला. नियमानुसारच चालला, तेही सांगते. 25 मार्च 2020 च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आरोग्य कर्मचाऱ्यानं कॉल लावला असेल तर रुग्णाची स्पष्ट संमती घ्यावी लागते, ती घेतली होती. पहिल्याच सल्ल्यात अशी नेहमीची औषधं द्यायची तर व्हिडिओ हवा, तो होता. नोंद ठेवली होती. तपासणीच्या कुठल्याही तक्त्यावर आमचा हा कॉल पैकीच्या पैकी गुण घेऊन गेला असता.

पाचवा दिवस, पहाट

सकाळी सहा चाळीसला फोन वाजला. आशाताईंचा नंबर, पण आवाज नातवाचा. "मॅडम, आजी उठत नाही. आशाताई घरात आहे, मी टावरवर आहे."

पुढची चाळीस मिनिटं आमचा दूरसल्ला अक्षरशः त्या पोराच्या पायांवर चालला. मी प्रश्न विचारायचे, तो फोन खडकावर ठेवून घराकडे पळायचा, उत्तर घेऊन परत यायचा. फोनमधून मला त्याच्या चपलांचा आवाज, मग नुसता वारा, मग पुन्हा चपला असं ऐकू यायचं.

हाक मारल्यावर डोळे उघडते का? उघडते, पण 'हूं' एवढंच म्हणते. अंग कसं आहे? गार, घामानं लुगडं भिजलंय. बोटाची साखर बघा. पळत गेला, पळत आला आणि धापा टाकत म्हणाला, "एक्केचाळीस."

साखर 70 च्या खाली गेली की ती कमी, आणि 54 च्या खाली गेली की मेंदूला झळ पोचायला लागते. 41 म्हणजे बेशुद्धीचा उंबरठा.

आता एकच गोष्ट ठरवायची होती: आजींना गिळता येतंय का? येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि गाडीची वाट बघायची. पाणी श्वासनलिकेत गेलं तर साखर वाढायच्या आधी माणूस जातो. आशाताईंनी आजींना भिंतीला टेकवून बसवलं आणि चमच्यानं थोडं साधं पाणी दिलं. घोट घेतला, ठसका लागला नाही. मग अर्धा पेला पाण्यात तीन चमचे साखर, घोट घोट. पंधरा मिनिटं थांबायचं. पोराला सांगितलं, घड्याळ बघून ये. घरात घड्याळ नव्हतं, म्हणून मी फोनवर वेळ धरली आणि तो खडकावर बसून राहिला. मध्येच म्हणाला, "मॅडम, आजी मरंल का?" मी म्हटलं, "नाही, तू जोरात पळतोस म्हणून नाही." त्याक्षणी मला स्वतःलाही त्याची खात्री नव्हती.

पंधरा मिनिटांनी 63. पुन्हा तीन चमचे. आणखी पंधरा मिनिटांनी 98. आजी बोलायला लागल्या. पहिलं वाक्य आशाताईंना उद्देशून होतं, "एवढी साखर कशाला घातली गं?"

तोवर सून शेतावरून धावत आली. मी 108 ला फोन लावला होता, पण गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येणार होती. तिथवर न्यायला शेजाऱ्याची पिकअप तयार होती. सून मात्र नको म्हणाली. "आता बरी झाली ना ती? बोलते, बसते. मग दवाखान्यात कशाला? कापणी पडलीय."

सुनेचं म्हणणं वरवर पाहता बरोबर होतं. इन्सुलिनमुळे साखर उतरली असती तर कदाचित मीही घरीच ठेवलं असतं. पण ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावत राहतात, आणि म्हाताऱ्या माणसाचं मूत्रपिंड मंद असेल तर त्यांचा अंमल लांबतो. वर आणलेली साखर काही तासांनी पुन्हा घसरते. अशा रुग्णावर निदान एक दिवस नजर ठेवावी लागते. हे सगळं मी पोराच्या हातच्या फोनवरून सुनेला सांगायला लागले आणि तिसऱ्या वाक्यालाच कळलं की उपयोग नाही. मग आशाताईंनी फोन घेतला, मला "थांबा मॅडम" म्हणाल्या आणि तिला एवढंच सांगितलं, "गोळीचं ईख (विष) अजून पोटात आहे. दुपारी परत उतरंल, तेव्हा तू वावरात असशील." सून पिकअपमध्ये बसली.

जाताना मी एक गोष्ट सांगितली, आणि या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून झालेलं शहाणपणाचं काम तेवढंच: घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या डब्यासकट गाडीत टाका.

डबा

बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तो टेबलावर ओतला, फोटो काढून मला पाठवला आणि फोन केला. "मॅडम, ही बाई ग्लिमेपिराइड दोन ठिकाणची घेते."

फोटो मी अजून जपून ठेवलाय. सगळ्या पट्ट्या कात्रीनं एकेक गोळीच्या चौकोनात कापलेल्या. काहींवर नावाची दोनच अक्षरं उरलेली, काहींवर नुसती किंमत. त्यात एका खासगी रुग्णालयानं वर्षापूर्वी लिहिलेली ग्लिमेपिराइड 2 मिलिग्रॅमची गोळी होती. नंतर बाजाराच्या गावातल्या एका दवाखान्यातून आलेली ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली दुसरी गोळी होती. रंग वेगळा, आकार वेगळा, म्हणून आजींच्या लेखी औषधही वेगळं. टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिनची जोडगोळी होती रक्तदाबाची. आणि कोपऱ्यात पिवळ्या गोळ्यांचा ढीग. गुडघ्यांसाठी, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं डायक्लोफिनॅक, "दुखलं का घ्यायची".

दुपारी एकच्या सुमाराला वॉर्डात साखर पुन्हा 56 झाली. सलाइनमधून ग्लुकोज द्यावं लागलं. आशाताईंचं 'ईख' खरं ठरलं. क्रिएटिनिन 1.6 निघालं. त्या वयाच्या बाईत याचा अर्थ मूत्रपिंडाचं काम जवळजवळ एक तृतीयांशावर आलेलं. टेल्मिसार्टनसारख्या औषधाबरोबर डायक्लोफिनॅक आणि अंगात पाणी कमी, या तिन्हींनी मिळून मूत्रपिंडाचं मातेरं होतं, हे जुनं आणि ठाऊक असलेलं गणित आहे. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारं एचबीए1सी 6.4 होतं. सत्तरीच्या, इतर आजार असलेल्या बाईला आठच्या खाली असलं तरी चालतं. 6.4 हा आकडा चांगल्या नियंत्रणाचा नव्हता, वारंवार तळाला जाणाऱ्या साखरेचा होता. (पेठ-सुरगाण्याकडे रक्तक्षय आणि सिकलसेल दोन्ही दिसतात, त्यामुळे एकट्या एचबीए1सीवर मी तिथं फार विसंबत नाही. इथं मात्र तो बाकीच्या पुराव्याशी जुळत होता.)

रुग्णालयानं ग्लिमेपिराइड आणि डायक्लोफिनॅक कायमचं बंद केलं, मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन तात्पुरतं. तिसऱ्या दिवशी आजी घरी आल्या.

निदान झालं, उपचार झाले. कागदावर प्रकरण इथं संपतं. पण मला एक गोष्ट खात होती. या गोळ्या तर आजी वर्षभर घेत होत्या. मग आताच असं का? आणि 212 कुठून आलं?

कॅमेरा फिरवल्यावर

घरी आल्यावर दोन दिवसांनी सिस्टर गेली. या वेळी मी आधीच बजावलं होतं की खडकावर यायचं नाही, आजींना चालवायचं नाही. घरात बसून साध्या कॅमेऱ्यानं पाच-सहा मिनिटांचं चित्रीकरण करायचं आणि मग टावरवर जाऊन पाठवायचं. आजींचा चेहरा नको, घर दाखव. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत काय कुठं होतं ते विचारत फिर.

त्या चित्रफितीत काय होतं ते सांगते.

सिस्टर उंबऱ्यातून आत येते आणि आजी उठून चुलीकडे जातात. सिस्टर म्हणते, "आजी, चहा नको, बसा." आजी ऐकत नाहीत. डब्यातून गूळ काढून बोटांनी फोडतात, पातेल्यात टाकतात आणि उरलेला खडा तोंडात.

मी चित्रफीत थांबवली. पहिल्या कॉलच्या दिवशीही चहा झाला होता, सिस्टरला नंतर आठवलं. पाहुणी आली म्हणून आजींनी गुळाचा चहा केला, स्वतःही घेतला, आणि त्याच बोटाला सुई टोचली गेली. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं होतं, पण गूळ किंवा फळाचा रस बोटावर असला तर स्पिरिटनं तो पुरता जात नाही. पाण्यानं धुऊन कोरडं करावं लागतं, नाहीतर यंत्र रक्तातली साखर आणि बोटावरची साखर एकत्रच मोजतं. 212 मध्ये चहाचा वाटा किती आणि बोटाचा किती, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. (नंतर द्राक्षाच्या हंगामात दिंडोरीकडच्या मजुरांमध्ये आम्हाला असे खोटे आकडे अनेकदा दिसले. खुडणी करून आलेला हात धुतल्याशिवाय आता कुणी टोचत नाही.)

158/92 चंही तसंच. त्या दिवशी आजी गुडघे धरत चढ चढून खडकावर आल्या होत्या, आल्या आल्या पट्टा बांधला गेला, तोही चोळीच्या बाहीवरून. या वेळी घरात, पाठ भिंतीला टेकून, पाय जमिनीवर, हात उशीवर, पाच मिनिटं न बोलता बसल्यावर 126/74 आला. आणि उभं केल्यावर तीन मिनिटांत 102/66. वरचा आकडा वीसपेक्षा जास्त उतरला, म्हणजे उठताना अंधारी येणार हे ठरलेलंच. त्या दिवशी मी रक्तदाबाचं औषध वाढवलं असतं तर आजी चुलीवर पडल्या असत्या.

मग सिस्टर विचारते, "गोळी कधी घेता?"

"सकाळी. चिठ्ठीवर लिवलंय ना, सकाळी जेवणाआधी."

"सकाळी म्हणजे किती वाजता?"

सून चुलीकडे बोट करते. कापणीच्या दिवसांत ती पाचला उठते, चूल पेटवते, सगळ्यांचा कोरा चहा करते, आजींच्या हातात गोळ्या देते आणि वावरात जाते. अकराला परत येऊन भाकरी टाकते. पहिला घास अकरा-साडेअकराला.

'सकाळी' आणि 'जेवणाआधी' हे दोन शब्द आम्ही डॉक्टर एका दमात लिहितो, कारण आमच्या घरी सकाळी आठला पोहे असतात. त्या घरात या दोन शब्दांच्या मध्ये सहा तास होते. बाकीचं वर्षभर सून घरी असते, सातलाच नागलीची भाकर होते, म्हणून कसंबसं निभत होतं. कापणी लागली आणि अंतर वाढलं. तरीही आजी तगून होत्या त्या दोन गोष्टींवर: जीव घाबरला की दुसऱ्या दिवशी गोळी टाळायच्या, आणि पहाटेच्या कोऱ्या चहात गूळ भरपूर असायचा. आजींनी स्वतःच्या अंगावरून शोधलेला हा इलाज होता. मी नऊ मिनिटांच्या कॉलमध्ये तो दोन्ही बाजूंनी काढून घेतला. गोळी चुकवू नका. चहात गूळ नको.

चित्रफितीचा शेवटचा भाग कॅमेरा बंद केल्यावरचा आहे. म्हणजे चित्र नाही, सिस्टरनं मला सांगितलेलं आहे. ती निघताना आजी तिला म्हणाल्या की रात्री त्या जेवतच नाहीत, वाटीभर पेज घेतात, पाणीही फारसं नाही. का? रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं. संडास नाही. अंधारात बाहेर जायचं, साप-विंचू, वर बिबट्याची भीती, आणि सुनेला दर वेळी उठवायची लाज. मग प्यायचंच कमी.

ही गोष्ट खडकावर कधीच निघाली नसती. पहिल्या कॉलच्या वेळी तिथं शेजारच्या चार बाया, पोरं आणि एक शेळी होती. टॅबचा स्पीकर मोठा लावावा लागतो, आजींना कमी ऐकू येतं. मी पलीकडून मोठ्यानं विचारत होते, "लघवीला त्रास आहे का?" आणि आजींनी मान हलवली होती, नाही म्हणून. मी 'नाही' लिहून पुढं गेले. दूरसल्ल्यातली गोपनीयता म्हणजे पासवर्ड आणि माहिती सुरक्षित ठेवायचा कायदा असं आपण धरून चालतो. इथं गोपनीयता म्हणजे चुलीपाशी दोघीच असणं.

रात्री उपाशी, अंगात पाणी कमी, मूत्रपिंड थकलेलं, दोन दोन ग्लिमेपिराइड, पहाटे रिकाम्या पोटी. साखर पहाटे का पडायची याचं वेगळं कारण शोधायची गरज उरली नाही.

मग काय बदललं

आजींची नवी चिठ्ठी मी स्वतः मराठीत लिहिली. क्रिएटिनिन सहा आठवड्यांनी 1.2 वर आलं तेव्हा मेटफॉर्मिन 500 पुन्हा सुरू केलं. वेळेच्या रकान्यात 'सकाळी जेवणाआधी' ऐवजी लिहिलं, 'पहिल्या भाकरीबरोबर'. दुसरी, 'शेवटच्या घासाबरोबर'. घास नाही तर गोळी नाही. रक्तदाबाला अ‍ॅम्लोडिपिन 5 एकटंच ठेवलं. उभं राहून मोजलेला आकडा आता दर वेळी मागते.

पट्ट्या कापायच्या नाहीत असं सांगून उपयोग होत नाही. कापलेली गोळी पदराच्या गाठीत मावते, आख्खी पट्टी मावत नाही. म्हणून आशाताईंनी जुन्या पातळाचा एक तुकडा घेऊन दोन कप्प्यांची पिशवी शिवली. एका कप्प्यावर भाकरीचा गोल, दुसऱ्यावर चांदणी. ती चुलीशेजारच्या खुंटीला टांगलेली असते. महिन्यातून एकदा सिस्टर डबा ओतून बघते.

गाव गाठण्याच्या पद्धतीत आम्ही जे बदललं ते यापेक्षा मोठं आहे, आणि खर्च जवळजवळ शून्य. थेट व्हिडिओचा हट्ट सोडला. मार्गदर्शक सूचनांत व्हिडिओ, आवाज आणि लिखित निरोप अशी तिन्ही माध्यमं धरलेली आहेत. आम्ही मात्र व्हिडिओ म्हणजेच खरी तपासणी असं समजून बाया-बापड्यांना चढ चढवत होतो. आता पहिला व्हिडिओ सल्ला एकदा होतो. पुढं सिस्टर घरात बसून मोजते, विचारते, गरज असेल ते चित्रित करते, आणि टावरवर जाऊन पाठवते. मी बघून तिला फोन करते. ती परत घरात जाऊन सांगते. वेळ जास्त लागतो. कॉलची संख्या घटली, आणि आमच्या मासिक अहवालात ते वाईट दिसतं. दिसू दे.

आणि "गोळी घेतली की त्रास होतो" हे वाक्य कुणीही बोललं तर ते जसंच्या तसं, रुग्णाच्या शब्दांत लिहायचं, असं ठरवलंय. साखर 212 असली तरी.

यात नवीन काही नाही, हेही कबूल करते. घरात जाऊन, घरातल्याच बाईच्या हातून आरोग्यसेवा द्यायची हा धडा महाराष्ट्रानंच कधीचा गिरवलाय. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या आरोग्यदूतांनी नवजात बाळांना घरात तपासून मृत्यू निम्म्याहून खाली आणले, तो अभ्यास 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तेव्हा टॅब नव्हता. आमच्या हाती टॅब आला आणि आम्ही त्याला रेंज मिळेल तिथं माणूस न्यायला लागलो.

तीन महिन्यांनंतरचे आकडे: एचबीए1सी 7.6, बसून रक्तदाब 138/80, उभं राहून 130/78. पहाटेचा घाम, कापरं नाही. सून म्हणते आजी आता तिच्यावर ओरडायला लागल्यात, म्हणजे तब्येत बरी आहे. नातवाला आम्ही एक मनगटी घड्याळ दिलं.

संडासासाठी अर्ज केलाय, अजून काही हललेलं नाही. तोवर दाराशी झाकणाचं भांडं आणि एक टॉर्च अशी सोय केली, पण रात्रीची पेज वाटीभरच आहे. आणि गेल्या भेटीत सिस्टरनं डबा ओतला तेव्हा तळाशी पुन्हा पाच पिवळ्या गोळ्या निघाल्या. पॅरासिटामॉल दिलेलं आहे. आजींचं म्हणणं, "त्यानं काय व्हत नाही, बाई. चढ उतरता येत नाही." गोळ्या सिस्टरनं काढून घेतल्या. गुडघ्यांचं काय करायचं यावर सोमवारी हाडांच्या डॉक्टरांशी बोलायचं ठरलंय. त्यांना दाखवायला सिस्टर आजींच्या चालण्याचं चित्रीकरण करून आणणार आहे, घरापासून विहिरीपर्यंतच्या उताराचं.